कुजणें

कुजणें हा शब्द आपल्या भाषेंत बहुधा निंदेसाठींच योजितात. कुजकें बोलणें, कुजकट स्वभाव, असे प्रयोग आपण नित्य ऐकतों. परंतु या क्रियेवर आपण फार अन्याय केला आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. समुद्रांतील खेंकडे, कोळंब्या आणि त्यांहूनही सूक्ष्म असे असंख्य जीव वाढतांना आपलें कवच वारंवार टाकून देतात. हीं कवचें जशींच्या तशीं राहिलीं असतीं, तर समुद्राचा तळ केव्हांच त्यांनीं झांकून गेला असता. तीं राहत नाहींत, हा सूक्ष्मजंतूंचा उपकार.

कवचांतील मुख्य द्रव्यास कायटिन म्हणतात. ब्राकोनो नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें तें १८११ सालीं प्रथम अळंब्यांतून वेगळें काढलें. त्याचा सख्खा भाऊ शोभेल असें दुसरें द्रव्य सेल्युलोज. कापूस तर जवळजवळ निव्वळ तेंच, आणि फुलांचे देंठ व केळीचें पान यांतही तें भरपूर. दोन्ही द्रव्यें म्हणजे शर्करेच्या कणांच्या लांबलचक सांखळ्या होत. ही सांखळी जंतूंस गिळतां येत नाहीं. म्हणून ते आपला पाचक रस बाहेर सोडून ती तोडतात आणि सुटे झालेले दुवे शोषून घेतात. आपण जेवून मग पचवितों, ते पचवून मग जेवतात!

पण हें अन्न पुरतें जिरविण्यास प्राणवायु हवा, आणि खरी अडचण येथेंच आहे. एक ग्रॅम सेल्युलोजला सुमारें १.२ ग्रॅम प्राणवायु लागतो. आपल्याकडील उबदार समुद्राच्या एक लिटर पाण्यांत तो विरघळलेला असतो फार तर ६ मिलिग्रॅमच्या आसपास. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा. चिमूटभर कापसासाठीं २०० लिटर पाण्यांतील सगळा प्राणवायु! मोकळ्या किनाऱ्यावर लाटा आणि भरती-ओहोटी हा खर्च भरून काढतात, म्हणून तेथें कोणास कांहीं जाणवत नाहीं.

मुंबईंत माहीमजवळ मिठी नदी समुद्रास मिळते, तेथें मात्र निराळें घडतें. नदी शहराचें सांडपाणी घेऊन येते. सेल्युलोजमध्यें नत्र मुळींच नसतें. तें सांडपाण्यांतून आयतेंच मिळाल्यानें आरंभीं जंतूंस उत्साह चढतो. पण तेंच सांडपाणी पाण्यांतील प्राणवायु संपवून टाकतें. मग प्राणवायूवांचून जगणारे जंतु पुढें सरसावतात. समुद्राच्या पाण्यांत विरघळलेल्या सल्फेट क्षारांवर ते आपलें काम भागवितात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु सोडतात. चिखलांतील लोहाशीं त्याचा संयोग होऊन चिखल काळा पडतो. कुजणें थांबत नाहीं, पण मंदावतें, आणि काष्ठद्रव्य तर बहुतेक तसेंच राहतें. कोंकणांतील लोकांस हें जुनेंच ठाऊक आहे. काथ्यासाठीं नारळाचीं सोडणें महिनेच्या महिने खाडीच्या चिखलांत पुरून ठेवितात, तीं याच भरंवशावर: मऊ भाग कुजावा, धागा टिकावा.

ओहोटीच्या वेळीं तो काळा चिखल आम्हीं पाहिला आहे. त्यांत अर्धवट कुजलेले हार होते, शेवंतीचीं फुलें ओळखूं येत होतीं. जवळ जाळें विणीत बसलेले एक वृद्ध कोळी म्हणाले, “लहानपणीं आम्ही इथंच मासे पकडायचों, आतां पोरांना पार आंत जावं लागतं.” त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती, आणि तेंच आम्हांस अधिक बोंचलें.

घरीं निर्माल्याचा विषय काढतांच आजी म्हणाल्या, “फुलंच तीं, त्यानं समुद्राचं काय बिघडतं?” आम्हीं तो भागाकार त्यांस करून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकला व विचारलें, “मग पायदळीं नाहीं ना येणार?” तेव्हां अंगणाच्या कोपऱ्यांत, जास्वंदीच्या बुंध्याशीं, जेथें कोणाचा पाय पडत नाहीं, तेथें खड्डा केला. मोकळ्या मातींत हवा खेळते. चार महिन्यांनीं उकरून पाहिलें, तों फुलांची काळी माती झालेली. हारांतील सुती दोरा बोटांत धरतांच तुटला. नायलॉनचा एक दोरा मात्र, कोणी ओंवला होता कोण जाणे, जसाच्या तसा निघाला.