स्पॅममध्ये पडलेली हरकत

रोज सकाळी मेल उघडला की मी आधी स्पॅम बघतो. लॉटरी, कर्ज, 'तुमचं खातं बंद होणार' असल्या कचऱ्यात कधी गिरगावातल्या भाडेकरूंचं निवेदन सापडतं, कधी लालबागच्या चाळीतली पाण्याची तक्रार. माणसं खरी असतात. पण पत्ता अनोळखी, एकच मजकूर पन्नास जणांना, विषयाची जागा कोरी. मग मशीनला संशय येतो.

जीमेलमध्ये असा मेल ३० दिवस राहतो, नंतर आपोआप पुसला जातो. 'नॉट स्पॅम' दाबलं की तो इनबॉक्समध्ये येतो. संगणकावर सेटिंगमध्ये त्या पत्त्याचा फिल्टर केला की पुढचे मेल स्पॅममध्ये जात नाहीत. दोन मिनिटांचं काम.

आता मुद्दा. एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरबदल करताना हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि तो नव्याने करावा लागला. एवढं वजन असलेली हरकत कुणाच्या स्पॅममध्ये पडून राहिली, तर सुनावणीला बोलावणार कोणाला?

कागदावर आवकचा शिक्का मिळायचा, मेलवर तो नाही. म्हणून परळ-दादरकरांनो, मेल जरूर पाठवा, पण विषयात नोटिशीचा क्रमांक लिहा आणि पोच मागा. पोच नाही आली, तर मुदतीच्या आत छापील प्रत नोटिशीतल्या ऑफिसात देऊन शिक्का घ्या.

आणि साहेब, हरकती मोजण्याआधी तुम्हीही एकदा स्पॅम उघडून बघा.