खेडपर्यंत सुसाट, पुढे निवांत!

माद्रिद ते बार्सिलोना : सुमारे ६२० किलोमीटर, अडीच तास. पॅरिस ते लिऑं : दोन तास. युरोप टूर करून आलेले मित्र हे आकडे ऐकवायला लागले, की आपण मनातल्या मनात आपल्या गावाचा हिशेब मांडतोच ना? माझा हिशेब दापोलीचा. आई-बाबा तिथे, नोकरीच्या मागे धावणारे आम्ही मुंबईत.

तर मंडळी, आपला स्कोअरही अगदीच वाईट नाही. कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि जून २०२३मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत आली. पहाटे सीएसएमटीहून निघालेली ही गाडी तीनेक तासांत खेडला! मडगावचे ५८०हून जास्त किलोमीटर मात्र पावणेआठ तास खातात. बराचसा मार्ग एकेरी, त्यात घाटबोगदे. पावसाळ्यात तर दरडींच्या धोक्यामुळे गाड्या मुद्दाम हळू चालवतात. तिथे घाई नकोच.

खरी गोष्ट खेडला उतरल्यावर सुरू होते. दापोलीत रेल्वे नाही. उरलेले तीसेक किलोमीटर एसटी, रिक्षा नाहीतर वडाप. वळणावळणाचा रस्ता, तासभर तरी हवाच. एसटी चुकली तर वाट बघण्याचा वेळ वेगळा. माद्रिदचं आतोचा आणि बार्सिलोनाचं सान्त्स ही स्टेशनं शहरातच, मेट्रोला जोडलेली. त्यांचा अडीच तासांचा फंडा खरा ठरतो तो त्यामुळे. आपल्याकडे गाडी कितीही फास्ट करा, स्टेशनबाहेर पुढची एसटी उभी नसेल तर मिळवलेली वीस मिनिटं तिथेच संपतात.

अंतराचं हे गणित दापोलीकरांना जुनंच. इथल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५मध्ये परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, सुमारे ११० मैल. तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही!

आज प्रश्न साधा आहे : गावी फक्त गणपती-शिमग्याला जायचं, की महिन्यातून एकदा? घरी दोघंच म्हातारे असले, की हा फरक खूप मोठा असतो. त्यामुळे वेळापत्रक बघा, शनिवारची पहाटेची गाडी पकडा आणि खेडहून पुढच्या प्रवासाची सोय आधीच करून ठेवा. दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं. आमच्याकडे तोवर सोलकढी तयार असते.