घोडा घ्यावा, पण पावसाळ्यासकट!



‘नाल सापडली म्हणून घोडा घ्यायचा’ ही म्हण आपण सगळ्याजणी वापरतो. मॅचिंग ब्लाउजपीस मिळाला म्हणून त्यावर साडी घेतली, की घरची पुरुषमंडळी ती आपल्याला हमखास ऐकवतात. पण खराखुरा घोडा दारात बांधायचा विषय निघाला तर काय काय होतं, हे तुमच्यापैकी फार थोड्या जणींनी अनुभवलं असेल. आमच्याकडे तो निघाला आणि दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

आमचं घर वेळणेश्वरचं. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चिपळुणात राहतो. सासूबाई, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई गावी असतात. शंकराचं देऊळ, माडांची रांग आणि पुढे लांबच लांब पुळण. पूर्वी महाशिवरात्रीच्या जत्रेला काय ती गर्दी व्हायची. आता दर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. भाऊजींची मुंबईची नोकरी गेली, ते गावी परतले, आणि त्या गाड्या बघून त्यांच्या मनानं घेतलं की एक घोडा घ्यायचा. पुळणीवर मुलांना फेरी मारून आणायची, फेरीचे शंभर रुपये. खोगीर-लगामासकट ऐंशी हजारांना घोडा मिळत होता. पन्नास हजार आमच्या मुलीच्या नावच्या ठेवीतून द्यायचे आणि उरलेल्यांसाठी जाऊबाईंच्या पाटल्या गहाण टाकायच्या, असा बेत ठरत आला होता.

हसू नका हं! बेचाळिशीतला कर्ता माणूस रिकामा बसला की घर कसं होतं, ते घरातल्या बाईलाच कळतं. भाऊजींना दोष द्यावा असं यात काही नव्हतं. मला खटकलं ते एवढंच, की घरात ज्या त्या तोंडी घोड्याची किंमत होती. त्याच्या खाण्यापिण्याबद्दल कुणी बोलेना. “गोठा रिकामाच आहे, गवत काय रानात उगवतं,” एवढ्यावर सगळे थांबत होते.

म्हणून मी वही घेतली. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, घाटावरच्या एका घोडेवाल्याला विचारलं आणि एकेक कलम लिहून काढलं.

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडं खाणं लागतं. साडेतीनशे किलोचं जनावर म्हणजे सात-साडेसात किलो झालं. त्यात सहा किलो वाळकं गवत आणि दीड किलो चंदी, म्हणजे भुसा आणि भिजवलेले हरभरे. मीठ धरून आमच्याकडच्या भावानं रोजचे एकशेचाळीस रुपये होतात. वर्षाचे झाले ५१,१०० रुपये. दर सहा-सात आठवड्यांनी खूर कापून नाल बसवायला नालबंद लागतो. आमच्या आसपास नालबंद नाही, तेव्हा त्याचं येण्याजाण्याचं भाडं धरून वर्षाचे बारा हजार. धनुर्वाताची लस (हा रोग घोड्यांना फार लवकर होतो), जंताचं औषध, दात घासून घेणं, यांचे सहा हजार; तेही दुखणं न आलं तर. खाली पसरायला पेंढा, दोर, खोगिराची दुरुस्ती, आणखी सहा हजार. बेरीज ७५,१०० रुपये.

आता जमेची बाजू. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार धरून वर्षाचे शंभर दिवस गिऱ्हाईक मिळेल. दिवसाला दहा फेऱ्या धरल्या तर एक लाख होतात. म्हणजे हाती राहिले २४,९०० रुपये, आणि त्यातून पाटल्या सोडवायच्या, ठेव भरून काढायची!

गोम इथेच आहे, मैत्रिणींनो. घोडा शंभर दिवस कमावतो आणि तीनशे पासष्ट दिवस खातो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माथेरानला पर्यटक यायचे थांबले, पण तिथल्या घोड्यांची भूक थोडीच थांबली! आमच्या कोकणात तर टाळेबंदी दर वर्षी येते. जून ते सप्टेंबर. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, समुद्र खवळलेला, पुळणीवर चिटपाखरू नसतं. नेमक्या त्याच महिन्यांत घोड्याचं सगळ्यात जास्त करावं लागतं. ओलीत उभा राहिला की खूर आतून सडतात. गवताला बुरशी आली तर गाय एक वेळ निभावून नेते, घोड्याला मात्र ते बाधतं. त्याला ओकारी होत नाही, पोटात गेलेलं वाईट बाहेर पडायचा मार्गच नाही. पोटशुळानं उभा घोडा एका रात्रीत जातो. पुळणीवर वैरण टाकली तर तिच्याबरोबर वाळू पोटात जाते, तिनंही तेच होतं. म्हणून गवत दसऱ्यानंतरच कापून, वाळवून, कोरड्या जागी रचून ठेवावं लागतं. जूनमध्ये शोधायला निघालात तर मिळत नाही.

ही गोष्ट आमच्याच मुलखात एका मोठ्या माणसानं लिहून ठेवली आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे त्यांचं घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ छावणीला होतं. तिथल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढंच आपल्याला त्यातलं शाळेत शिकवतात. पण ते पत्र निम्मं दाणावैरणीचं आहे! दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची बेगमी केली होती, तिच्यातली बरीचशी आधीच खर्च झाली होती. आता आहे म्हणून वाटेल तशी उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. शिवाय मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं दाणागवत उचलाल, असं महाराज बजावतात. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताची गंज जाळेल, इथपर्यंत त्यांची नजर पोचली आहे. वाचताना मला वाटलं, हे तर घरात वर्षाचं धान्य भरणाऱ्या बाईचं लक्ष!

त्याच काळातली आणखी एक गोष्ट कामी आली. घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणी आणि त्याचा खर्च स्वतः सोशी. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. त्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, म्हणजे पाण्याची आणि खुरांची सोय वाटून घेतलेली. एकट्या घोड्याला हे सगळं एकट्यानं पुरवायचं म्हणजे महागच पडणार. शिवाय घोडा कळपातलं जनावर, त्याला एकटं राहवतही नाही.

“मग पावसाळ्यापुरता कुठे तबेल्यात ठेवू,” असं भाऊजी म्हणाले. पुण्याकडच्या एका तबेल्यात चौकशी केली, तर महिन्याला पंधरा हजार सांगितले; नाल आणि डॉक्टर वेगळे. चार महिन्यांचे साठ हजार! आकडा ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. पण नंतर मी विचार केला, तो तबेलेवाला काही लुटत नाही. खाणं जेमतेम साडेचार हजारांचं असेल. उरलेले पैसे जागेचे, आणि मुख्य म्हणजे माणसाचे आहेत. पहाटे लीद काढणारा, पाणी दाखवणारा, खरारा करणारा, रात्री एकदा उठून बघणारा मोतद्दार फुकट मिळत नाही.

आणि हे कलम माझ्याही वहीत राहिलं होतं! रोजचे तीन तास, वर्षाचे हजारावर तास. भाऊजी पुळणीवर फेऱ्या मारतील, पण पहाटेची लीद आणि पावसातली वैरण सत्तरीच्या सासूबाई आणि जाऊबाई यांच्याच वाट्याला येणार होती. तबेल्यात त्याला पगार म्हणतात, घरात त्याला काहीच म्हणत नाहीत.

एका रविवारी ओटीवर मी वही वाचून दाखवली. भाऊजी रागावले. “वहिनी, घोडा नकोय हे सरळ सांगा ना!” म्हणाले. मी उत्तर द्यायच्या आत जाऊबाई बोलल्या. एरवी त्या चार माणसांत बोलत नाहीत. “पाटल्या देईन मी. पण आषाढात त्याचं कोण करणार, ते आज सगळ्यांसमक्ष ठरू दे.” कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, “शिलेदारी नंतर कर रे बाबा, आधी एक वर्ष बारगीर हो.”

तसंच केलं. घाटावरच्या त्याच घोडेवाल्याकडून एक शांत घोडी मोसमापुरती आणली. दिवाळीपासून मेअखेर सात महिने खाणं आमचं, नाल-औषध त्याचं, मिळकत निम्मी-निम्मी. मृगाच्या आधी घोडी घाटावर परत जायची. अंदाजानं एक लाखातले पन्नास हजार आमचे, २१० दिवसांचं खाणं २९,४०० वजा जाता २०,६०० उरतात. स्वतःच्या घोड्यापेक्षा चार हजार कमी, पण डोक्यावर कर्ज नाही आणि आषाढात गोठा रिकामा. सकाळचं सगळं भाऊजी स्वतः करतात, हे त्या दिवशीच ठरलं. लीद माडांच्या आळ्यांत जाते, तो वरचा नफा.

मोसम अजून चालू आहे. दहा फेऱ्या काही रोज होत नाहीत; कधी चार, कधी चौदा. खरा हिशेब मेअखेरीस कळेल आणि तो बघूनच पुढच्या वर्षी घोडा घ्यायचा की नाही, ते ठरेल. घेतला तर गवत दसऱ्यानंतरच भरायचं, हे मात्र आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्या घरी घोडा येणार नाही. पण म्हैस येईल, मोटार येईल, पिठाची गिरणी येईल. किंमत सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही वहीत तीन ओळी जास्त लिहा: न कमावत्या महिन्यांत याला काय लागेल, दुखणं आलं तर कोण धावेल, आणि रोजचं याचं कोण करील. तिसऱ्या ओळीपुढे नाव लिहायचं ते त्या माणसाला विचारून लिहा. तिथे तुमचंच नाव येणार असेल, तर त्याचे तासही मांडायला विसरू नका.