रडगाणंच, पण सात तारांचं

मी अधूनमधून ज्या को-वर्किंग स्पेसमध्ये लॅपटॉप घेऊन बसते, तिथे दर शुक्रवारी आयर्न मेडनचा टी-शर्ट घालून येणारा एक महाभाग आहे. परवा माझ्या हेडफोनमधून गळणारा आवाज ऐकून त्याने नाक मुरडलं. ‘हे काय? न्यू-मेटल? ते मेटल नव्हेच गं. रॅप करणाऱ्या पोरांचं रडगाणं आहे ते.’

खरं सांगू? इतकी चपखल व्याख्या मला मास कॉमच्या दोन वर्षांत करता आली नसती. रडगाणंच आहे ते. फक्त कशाचं रडगाणं आणि कसलं, हे त्या महाभागाला समजावायला एक कटिंग पुरला नसता, म्हणून हा लेखप्रपंच.

तर सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डपासून करू. हॉलिवूड नाही, समुद्र नाही, शेती आणि तेलविहिरींचं गाव. तिथल्या पोरांनी 1993 मध्ये ‘कॉर्न’ नावाचा बँड काढला आणि 1994 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. बँडचे दोन गिटारिस्ट, मंकी आणि हेड (हो, हीच नावं!), सहाऐवजी सात तारांची गिटार वाजवायचे. गंमत बघा, आयबानेझ कंपनीने ही गिटार 1990 मध्ये बाजारात आणली ती स्टीव्ह वायसाठी. म्हणजे ज्याची बोटं गिटारवर पाऱ्यासारखी धावतात अशा उस्तादासाठी. या दोघांनी काय केलं? ती जादाची सातवी जाड तार आणखी एक सूर खाली उतरवली आणि फक्त तीच बडवत बसले. सोलो नाही, कसरत नाही. लक्ष्मी रोडवर ढोल-पथक अंगावरून गेलं की छातीच्या पिंजऱ्यात जे होतं ना, ते यांना गिटारमधून हवं होतं. त्यात फील्डीचा पाच तारांचा बास. सूर कमी आणि टकटक जास्त, जणू कुणी पत्र्यावर बोटं आपटतंय. आणि ड्रम्सची चाल मेटलची घोडदौड नाही, हिप-हॉपची. मान वर-खाली नाही, पुढे-मागे हलते. विश्वास नसेल तर लावून बघा.

आता मेटल आणि रॅपचं लग्न काही कॉर्नने लावलेलं नाही. ‘फेथ नो मोअर’ने 1989 मध्ये ते करून दाखवलं होतं, 1991 मध्ये अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमी एकत्र आले, 1992 मध्ये ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ आलं. पण ‘रेज’चा राग सरकारवर होता, व्यवस्थेवर होता. जुन्या मेटलमध्ये युद्धं होती, राक्षस होते, ड्रॅगन होते. न्यू-मेटलवाल्यांनी ते सगळं फेकून दिलं आणि ‘मी’ म्हणायला सुरुवात केली. माझं घर, माझी शाळा, मला मारणारी पोरं, माझं न ऐकणारे आई-बाप. माझ्या मते खरी फारकत इथे आहे. सात तारा, डीजे, ढगळ पँट, आदिदासचे ट्रॅकसूट, हा सगळा नंतरचा साज.

माझ्या मावसभावाने, दादाने, ही गाणी मला ऐकवली. खरं तर ऐकवली नाहीत, बंद दारातून ती यायची. साल 2007. तो डोंबिवलीत राहायचा, इंजिनीअरिंगला होता आणि एम-थ्रीची केटी दुसऱ्यांदा लागली होती. काका त्याच्याशी महिनोन्महिने बोलत नव्हते. ‘त्याला जेवायला बोलव’ हेसुद्धा मावशीमार्फत. मी दहा वर्षांची, सुट्टीत तिकडे राहायला गेलेली. दादाच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर विनॅम्प आणि मित्राने बर्न करून दिलेल्या एमपीथ्रीच्या सीडी. एका दुपारी आतून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं. पोळ्या लाटता लाटता मावशी थबकली आणि मला म्हणाली, ‘काय गं, हा एवढा का ओरडतोय? त्याला कुणी मारतंय का?’

आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. पुढे मोठी झाल्यावर मला कॉर्नच्या पहिल्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याची, ‘डॅडी’ची, हकीकत कळली. जोनाथन डेव्हिस त्यात लहानपणी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल गातो. घरी सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, असं त्याने पुढे मुलाखतींतून सांगितलं. गाता गाता तो कोसळला. हमसून हमसून रडू लागला. निर्माता रॉस रॉबिन्सनने रेकॉर्डिंग थांबवलं नाही आणि ते रडणं जसंच्या तसं अल्बमवर आलं. मावशीचा प्रश्न तंतोतंत बरोबर होता.

म्हणजे रडगाणं, अक्षरशः. आणि रडणारा पुरुष. मर्दानगीचा ठेका घेतलेल्या या संगीतात ही फार मोठी गोष्ट होती, बॉस. म्हणूनच गाण्याची घडणही तशी होते. कडव्यात कुजबुज किंवा पुटपुटणारं रॅप, धृपदात स्फोट. आतल्या आत बोलत राहायचं आणि मग झाकण उडायचं. लिंकिन पार्कने तर ही कामं दोन माणसांत वाटून टाकली. माइक शिनोडा मुद्देसूद बोलणार, चेस्टर बेनिंग्टन ते ओरडून सांगणार. ऑक्टोबर 2000 मध्ये आलेला त्यांचा ‘हायब्रिड थिअरी’ 2001 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. अख्ख्या अल्बममध्ये एक शिवी नाही! आपल्याकडच्या टू-बीएचकेत तो बिनबोभाट वाजला त्यात याचाही वाटा असणारच.

हे सगळं गोंडस होतं असं मी म्हणणार नाही. जुलै 1999 मधलं वुडस्टॉक आठवा. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावाजवळचा जुना लष्करी विमानतळ, भाजून काढणारं ऊन, पाण्याची बाटली चार डॉलरला. लिम्प बिझकिट स्टेजवर असताना पब्लिकने टॉवरच्या फळ्या उखडल्या. शेवटच्या रात्री आगी लागल्या, आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. सगळं खापर एका बँडवर फोडणं मला पटत नाही. आयोजकांनी माणसांना गुरांसारखं वागवलं होतं. पण ‘मला दुखतंय’ हे वाक्य ‘आता तुलाही दुखवतो’ असं वळण किती सहज घेतं, तेही तिथे दिसलं. एक मुलगी म्हणून ती क्लिप मी आजही शेवटपर्यंत बघू शकत नाही.

लेबलचं म्हणाल, तर ते कुणालाच नको होतं. डेफ्टोन्स त्यापासून कायम अंग चोरत आले. आणि तरी प्रभाव बघा, 2003 मध्ये मेटॅलिकासारख्या बाप बँडने ‘सेंट अँगर’ काढला तो एकाही गिटार सोलोशिवाय! आपल्या दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने ढोल-बासरी आणि रॅप एकत्र करत जगभर स्टेज गाजवलं आणि 2025 मध्ये अल्बमचं नावच ‘न्यू दिल्ली’ ठेवलं, स्पेलिंग अर्थात ‘एन-यू’.

20 जुलै 2017 च्या रात्री उशिरा दादाचा फोन आला. तो तेव्हा पुण्यात नोकरीला होता. ‘वाचलंस?’ एवढंच म्हणाला. चेस्टर गेला होता. आत्महत्या. वय 41. दोनच महिन्यांपूर्वी तो क्रिस कॉर्नेलच्या अंत्यविधीत गायला होता, आणि ज्या दिवशी गेला तो कॉर्नेलचा वाढदिवस. चेस्टरने स्वतःच्या बालपणातल्या अत्याचाराबद्दल, व्यसनाबद्दल, डिप्रेशनबद्दल उघड बोलून दाखवलं होतं. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला वाटायचं, तो ओरडतोय म्हणजे त्याचं निघून जात असेल.’ आणि मग, दहा वर्षांनी, त्याने मला त्या केटीच्या वर्षाबद्दल सांगितलं. रात्री गच्चीवर जाऊन बसायचा ते. काय डोक्यात यायचं ते. कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘सांगायची गरजच वाटली नाही गं. माझ्या वतीने कुणीतरी बोलत होतं ना.’

मी त्या रात्री काही शहाणपणाचं बोलले नाही. फोन मात्र पहाटेपर्यंत चालू ठेवला. पुढच्या महिन्यात त्याने समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेतली; नंबर मी शोधून दिला होता.

2024 मध्ये एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन लिंकिन पार्क परतलं, नोव्हेंबरमध्ये ‘फ्रॉम झीरो’ आला. दादाने लिंक पाठवली, सोबत एकच ओळ: ‘आवाज बाईचा आहे, चाळिशीच्या उंबरठ्यावर आम्हाला एवढा धक्का पुरे.’ दुसऱ्या दिवशी त्याने तो अल्बम चार वेळा ऐकल्याचं वहिनीने सांगितलं.

समुपदेशकाकडे तो अजून महिन्यातून एका गुरुवारी जातो. जाताना गाडीत ‘मिटिओरा’ लावतो. येताना काही लावत नाही.