कामावरचा कुत्रा आणि डिस्नेलँड

अमेरिकेला जाऊन आलेल्या मंडळींच्या गप्पांत डिस्नेलँड हमखास येतं. लॉस एंजेलिसजवळच्या ॲनाहाइम गावात १९५५ साली सुरू झालेल्या या बारमाही जत्रेतला किल्ला, मिरवणूक आणि मिकी माऊस यांच्याविषयी पुष्कळ लिहून झालं आहे. मला सांगायचं आहे ते वेगळंच. आंधळ्या माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला तिथे पाळण्यांवर कसं नेतात, आणि कुठे नेत नाहीत, याविषयी.

माझा भाचा तिकडे नोकरीला असतो. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने त्याची दृष्टी हळूहळू गेली. आता त्याच्याबरोबर रूबी नावाची काळी लॅब्राडोर कुत्री असते. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो तेव्हा डिस्नेलँडचा बेत त्यानेच आखला. रूबी येणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. आमच्या वाड्यात कुत्र्याची हद्द ओसरीच्या पायरीखाली संपायची. शेजारच्या अज्जी ‘नायी, नायी’ म्हणून काठी आपटायच्या. त्यामुळे तिकीट काढून जायच्या जागी कुत्री घेऊन जायचं, हे ऐकूनच मला संकोच वाटत होता.

फाटकावर मात्र कुणी हटकलं नाही. तिथे १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यानुसार अशा कुत्र्याबद्दल दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कागद मागता येत नाहीत, आजार कोणता हे विचारता येत नाही. दुसऱ्या कुणाला कुत्र्याची भीती वाटते म्हणून आत घेणार नाही, असंही म्हणता येत नाही. उलट बाजूही आहे. कुत्रा मालकाच्या ताब्यात नसेल किंवा आत घाण करत असेल, तर बाहेर काढता येतो. आणि नुसता सोबतीसाठी, मनाला बरं वाटावं म्हणून पाळलेला कुत्रा या कायद्यात बसत नाही.

पहिल्यांदा आम्ही ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ला गेलो. न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली ही नावेची फेरी १९६६ साली इथे आली. संथ पाण्यातून नाव जाते आणि देशोदेशींच्या पोशाखातल्या बाहुल्या गात असतात. भाचा आधी नावेत उतरला, बसला आणि मग रूबीला हाक दिली. ती अलगद उतरून त्याच्या पायांशी आडवी झाली. शेपूट कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्याने ती हाताने आत घेतली. तिथल्या कर्मचाऱ्याने वेळ दिला, पण रूबीला हात लावला नाही. कुत्र्याला उचलणं, धरणं, सांभाळणं हे त्यांचं काम नाही, असा तिथला नियमच आहे. पूर्ण फेरीत ती एकदाही उठली नाही. बाहुल्यांकडे माझंच लक्ष जास्त होतं.

त्यानंतर ‘स्पेस माउंटन’. १९७७ साली सुरू झालेली ही अंधारातली वेगवान गाडी. वळणं दिसत नाहीत, म्हणून पोटात जास्तच गोळा येतो. भाच्याला हीच फेरी सगळ्यांत प्रिय. “मामा, इथे सगळे माझ्यासारखेच,” तो हसत म्हणाला. इथे मात्र कुत्र्याला मनाई आहे. कारण सरळ आहे. माणसाला आडव्या दांड्याने जखडता येतं, कुत्र्याला नाही. हिसक्याने तो फेकला जाईल किंवा घाबरेल, आणि घाबरलेला कुत्रा उद्या रस्ता ओलांडताना चुकेल.

मग करायचं काय? तेही ठरलेलं आहे. कुटुंबातल्या एकाने कुत्र्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने फेरी करून यायची आणि मग पहिल्याने पुन्हा सगळी रांग न लावता जायचं. काही ठिकाणी कुत्र्याला बसवण्यासाठी पिंजराही मिळतो. माझी सौभाग्यवती भाच्याबरोबर गेली, आणि पट्टा माझ्या हातात आला. ती दहा-पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. रूबी माझ्याकडे बघत नव्हती. ज्या दारातून तो गेला त्या दाराकडे तिची नजर होती. ती भुंकली नाही, ओढ घेतली नाही, नुसती थांबली. तो बाहेर आला तेव्हा तिचं सगळं अंग हललं. भाच्याने पट्टा घेतला, पाठीवरची मूठ हातात धरली, आणि ती तत्क्षणी पुन्हा कामावर रुजू झाली.

संध्याकाळी भाच्याने सांगितलं की या कुत्र्यांना हुकूम पाळायला शिकवतात, तसंच हुकूम मोडायलाही. मालक ‘पुढे चल’ म्हणाला आणि समोरून मोटार येत असेल, तर कुत्र्याने हलायचं नाही. मला वाटतं, ‘नाही’ म्हणण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे. रूबी नाही म्हणते ती त्याच्या जिवासाठी. स्पेस माउंटनवर नाही म्हणतात ते तिच्या जिवासाठी, आणि सोबत दुसरी वाटही दाखवतात. आपल्याकडे ‘नाही’ पहिल्यांदा येतं, कारण मागाहून शोधतात. भाचा बेळगावला येतो तेव्हा रूबीला तिकडेच ठेवून पांढरी काठी घेऊन येतो. आपल्या देशातही २०१६ सालचा अपंग हक्क कायदा आहे, आणि वाजवी सोय करून द्या, असं तो सांगतो. मुलांना घेऊन आपण बेंगळुरूच्या वंडरलाला जातो, हॉटेलांत जातो, देवळांत जातो. तिथे असा माणूस दारात आला तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

तिकडे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पट्टे बांधलेल्या कामावरच्या कुत्र्याला हाक मारू नका, कुरवाळू नका, खाऊ देऊ नका. बोलायचं असेल तर माणसाशी बोला. कुणी असा कुत्रा नेणार असेल, तर फरशी तापली आहे का ते तळहाताच्या पाठीने पाहावं, पाण्याचा वाडगा जवळ ठेवावा, आणि कुत्र्यांना मोकळं होण्याच्या जागा नकाशात आधीच पाहून ठेवाव्यात. रात्रीचं दारूकाम सुरू होण्यापूर्वी निघालेलं बरं. आम्हीही तसंच केलं. रूबीचं बारा तासांचं काम झालं होतं.