हळदीच्या लेपाखालच्या डागास

अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कर्करोग) यास,

वसमतच्या हळद बाजारात तुझं नाव कुणी ऐकलेलं नसेल, आणि तेच तुझ्या पथ्यावर पडतं. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होतं, लाईट (किरणोपचार) घेऊन होते, पुढची पाच-सात-दहा वर्षं बरी जातात. मग त्याच जागी कातडीवर जांभळट डाग उठतो. बहुधा दुखतही नाही. मुकामार असेल म्हणून घरात लेप लावतात. हिंगोली जिल्ह्यात हळदीला काय तोटा? त्या पिवळ्या थराखाली तुझा रंग झाकला जातो आणि तुला आयते महिने मिळतात.

तू दुर्मीळ आहेस. स्तनावर लाईट घेतलेल्या हजार बायकांत साधारण एकीला गाठतोस. उलट त्याच किरणांमुळे मूळ रोग उलटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तुझी भीती घालून कुणी लाईट टाळायला सांगत असेल (असे वैद्य पारावर फुकट मिळतात), तर तो सल्ला तुझ्याहून घातक.

किरणांमुळे झालेला सार्कोमा ओळखायच्या कसोट्या न्यूयॉर्कच्या विल्यम कॅहन आणि सहकाऱ्यांनी 1948 साली हाडांच्या गाठींवरून मांडल्या: आधी किरण दिलेले हवेत, गाठ त्याच भागात हवी, मध्ये काही वर्षं गेलेली हवीत, पेशी मूळ रोगाहून वेगळ्या हव्यात. मॅमोग्राफीला तू चकवतोस, सुईच्या तपासणीलाही. कातडीचा पूर्ण जाडीचा तुकडाच लागतो. किरणांनंतर रक्तवाहिन्यांत होणारे साधे बदल तुझ्यासारखेच दिसतात. तिथे मिक (MYC) या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकाच्या वाढलेल्या प्रती तुझं पितळ उघडं पाडतात. पण पॅथॉलॉजिस्टला आधीचे लाईट कळवलेच नाहीत, तर तो ही तपासणी कशाला करील?

तुझ्यावर मुख्य इलाज शस्त्रक्रियाच. बहुतेकदा सगळा स्तन आणि किरण लागलेली कातडी शक्य तितकी काढून दुसरीकडच्या कातडीने जागा झाकतात. तू रक्तातून फुप्फुसांकडे जातोस, म्हणून छातीचा सीटी स्कॅन आधी. पसरलास तर पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध. ही शस्त्रक्रिया मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयातच व्हावी. कडेला राहिलास की परततोस.

पत्र अनावृत आहे, तेव्हा सेनगाव-कळमनुरीच्या डॉक्टरांनीही वाचावं. लाईट घेतलेल्या स्तनावरचा डाग दोन आठवड्यांत गेला नाही, तर मलम बदलत बसू नका, तुकडा काढा; तो फॉर्मलिनच्या बाटलीतून छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला जाऊ शकतो. आणि बायांनो, लाईटची फाइल रद्दीत देऊ नका.