सैलावणाऱ्या हृदयाचा शोध

१/ माल्मो, स्वीडन. जहाजाच्या पोलादातील छुपे दोष अल्ट्रासाउंडने शोधणारे यंत्र हेल्मुट हर्ट्झ यांनी तेथील गोदीत पाहिले. १९५३ मध्ये तसेच यंत्र उसने घेऊन लुंड येथे त्यांनी व डॉ. इंगे एडलर यांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले.

२/ एडलर यांना मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण शस्त्रक्रियेआधी ओळखायचे होते. डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैलावून रक्त भरून घेते तेव्हा, अशा झडपेची हालचाल मंदावलेली दिसे.

३/ १९८० च्या दशकात नॉर्वेच्या लिव्ह हाटले आदी संशोधकांनी डॉप्लरने भरणाऱ्या रक्ताचा वेग अभ्यासला. जोमाने आकुंचन पावणारे हृदयही नीट सैलावले नाही, तर माणसाला धाप लागते. हे शरीरात नळी न घालता ताडता येऊ लागले. सैलावणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यालाही ऊर्जा लागते.